वीज-पाण्याच्या सेवेला स्पर्धक नसतो, मग ‘स्पर्धात्मक लाभ’ येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी एका सार्वजनिक वीज वितरण संस्थेच्या भांडार आणि खरेदी विभागात सात वर्षं काम करतो. आमच्याकडे स्मार्ट मीटर आणि सेन्सर बसवायचं काम सुरू होतंय. पुरवठा साखळी आणि स्मार्ट तंत्रज्ञान यांतून संस्थेला स्पर्धात्मक लाभ कसा मिळेल, यावर महिनाभरात टिपण द्यायला सांगितलं आहे. पण आमचा ग्राहक आम्हाला सोडून जाऊच शकत नाही. मग लाभ कोणाविरुद्ध? आणि मीटरचा आमच्या भांडाराशी संबंध काय?’

मी आधी वीज वितरणाच्या भांडारात आणि नंतर पाणीपुरवठ्याच्या खरेदी-नियोजनात, मिळून चोवीस वर्षं काढली. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होते. त्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण मीटरचा भांडाराशी संबंध आपोआप जुळत नाही. तो जोडावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो जोडलेलाच नसतो. लाभ मिळाला तर त्या जोडणीतून मिळेल. नुसत्या मीटरमधून मिळणार नाही.

पण आधी ‘कोणाविरुद्ध’ याचं उत्तर. आंद्रेई श्लाइफर या अर्थतज्ज्ञाने १९८५ मध्ये मक्तेदारी असलेल्या सेवांसाठी एक कल्पना मांडली. सारखंच काम करणाऱ्या संस्था वेगवेगळ्या भागांत असतील, तर नियामकाने प्रत्येकीचे दर ठरवताना तिचा स्वतःचा खर्च न धरता बाकीच्यांचा खर्च माप म्हणून वापरावा. म्हणजे ग्राहक हलला नाही तरी तुलना होते, आणि जी संस्था मागे पडते तिला तोटा सोसावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ साली पाणी सेवेचं खासगीकरण झालं, तेव्हापासून तिथला नियामक ऑफवॉट कंपन्यांची अशी तुलना करत आला आहे. जिथे असा नियामक नाही तिथेही कर्ज देणारी बँक, अनुदान देणारं सरकार आणि छतावर सौर पॅनेल बसवून तुमची वीज कमी घेणारा मोठा ग्राहक ही तुलना करतच असतात. तेव्हा टिपणात ‘स्पर्धा’ म्हणजे खंडित सेवेचे तास, गळती आणि दर ग्राहकामागचा खर्च यांत आपल्यासारख्या संस्थांच्या तुलनेत आपण कुठे उभे आहोत, एवढा साधा अर्थ घ्या. तो कोणालाही पटेल.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही: तुमचे दर कसे ठरतात? ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये दूरसंचार सेवेसाठी दराला कमाल मर्यादा घालायची पद्धत सुचवली. त्यात महागाईतून ठरावीक टक्के वजा करून दर बांधले जातात, आणि संस्थेने त्याहून जास्त बचत केली तर पुढच्या फेरआढाव्यापर्यंत ती बचत तिच्याकडे राहते. अशा पद्धतीत भांडारात वाचवलेल्या पैशाला मोल असतं. याउलट, गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळणार असेल, तर जास्त यंत्रसामग्री विकत घेण्याकडेच संस्थेचा कल जातो. अॅव्हर्च आणि जॉन्सन या दोघांनी हे १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं. तुमची संस्था या दुसऱ्या प्रकारात असेल, तर ‘स्मार्ट’ प्रकल्प सहज मंजूर होईल, पण त्यातून साठा कमी करायची घाई कोणालाच नसेल. टिपण लिहिण्याआधी वित्त विभागात जाऊन हे समजून घ्या. कारण एकाच सुधारणेची किंमत दोन संस्थांत अगदी वेगळी असू शकते.

आता भांडाराकडे येऊ. एक रात्र सांगतो, तिच्यामुळेच मला हा विषय कळला.

पावसाळ्यात एका भूमिगत वाहिनीवर केबलचा जोड फुटला. त्या वाहिनीवर बिघाडाची जागा दाखवणारी यंत्रं नुकतीच बसवली होती. नियंत्रण कक्षाला वीस मिनिटांत कळलं, बिघाड कोणत्या दोन खांबपेट्यांच्या मध्ये आहे ते. पूर्वी यालाच तीन-चार तास लागत. तुकडी खड्डा खणायला लागली आणि दोघेजण रात्री दीड वाजता जॉइंट किट, म्हणजे केबल जोडायच्या साहित्याचा संच, न्यायला भांडारात आले. संगणकावर त्या वस्तूच्या कोडखाली १४ जॉइंट किट होती. रॅकवरही १४ खोकी होती. भांडारपालाने टॉर्च घेऊन एकेक खोकं फिरवून पाहिलं. नऊ खोक्यांवरची मुदत उलटून गेली होती. चार किट वेगळ्या आकाराच्या केबलची होती. कधीतरी चुकून त्याच कोडखाली चढवलेली. कामाचं एकच निघालं. आणि फुटलेला जोड कापून काढला की मध्ये केबलचा नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे जोड दोन करावे लागतात. दुसरं किट सत्तर किलोमीटरवरच्या भांडारातून आलं तोवर उजाडलं होतं. त्या वाहिनीवरचं रुग्णालय रात्रभर जनित्रावर चाललं.

यंत्राने तीन तास वाचवले आणि भांडाराने ते व्याजासकट परत घेतले. नोंद मात्र ‘बिघाड शोधण्याचा कालावधी : २० मिनिटं’ अशी झाली, आणि वर्षाच्या अहवालात तो आकडा यश म्हणून छापला गेला. त्यात खोटं काही नव्हतं, पण ग्राहकाला किती तास वीज नव्हती हे त्यातून कळत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं. कुठल्याही स्मार्ट यंत्राबद्दल दोनच गोष्टी विचारा. यातून आलेली माहिती भांडाराचा किंवा खरेदीचा कोणता निर्णय बदलणार आहे? आणि ती त्या निर्णयापर्यंत कोणत्या वाटेने पोचणार आहे? ‘नियंत्रण कक्षाच्या मोठ्या पडद्यावर दिसेल’ हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. पडदा पाहणारा माणूस इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, काढत नाही, आणि इंडेंट काढणाऱ्याला पडदा दिसत नाही.

मीटरच्या बाबतीत ही वाट कशी दिसते ते सांगतो. एका वितरण ट्रान्सफॉर्मरवर समजा ८० ग्राहक आहेत. स्मार्ट मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या वापराची नोंद पाठवतो. त्या ८० नोंदींची बेरीज केली की ट्रान्सफॉर्मरवर साधारण किती भार येतो हे वेगळं यंत्र न लावता कळतं. कोणता ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी रोज क्षमतेच्या वर जातोय, त्यामुळे त्याच्या आतलं इन्सुलेशन लवकर म्हातारं होतंय आणि उन्हाळ्याआधी तो बदलायला हवा, याची यादी निघते. ही यादी म्हणजे भांडाराचा पुढच्या सहा महिन्यांचा मागणीचा अंदाज. आजवर हा अंदाज आपण मागच्या वर्षीच्या वापरात दहा टक्के मिळवून करत आलो.

पण ‘या ट्रान्सफॉर्मरवर हे ८० ग्राहक’ ही नोंदच चुकलेली असते! एखाद्या बिघाडात ग्राहक शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवर टाकले जातात, तसेच राहून जातात, आणि कागद बदलत नाही. आम्ही पहिल्यांदा बेरजा केल्या तेव्हा एक ट्रान्सफॉर्मर दीडपट भाराने चाललेला दिसला आणि त्याच्या शेजारचा जवळजवळ रिकामा. दोन्ही ठिकाणी माणूस पाठवला तर दोन्ही थंड आणि ठणठणीत. यावर उपायही मीटरमध्येच होता. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मीटरचा व्होल्टेज एकाच वेळी वर-खाली होतो. ज्या मीटरची चाल शेजारच्या गटाशी जुळते, तो मीटर त्या गटातला. असं जुळवून याद्या दुरुस्त करायला आम्हाला पाऊण वर्ष लागलं. हे काम कोणाच्याही प्रकल्प अहवालात नव्हतं, त्यासाठी तरतूद नव्हती आणि कनिष्ठ अभियंत्यांनी ते नेहमीचं काम सांभाळून केलं. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाचं काम विचाराल तर हेच सांगेन.

इथेच लाभाचं मूळ आहे. जे बार्नी यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तुम्ही वाचला असेल: टिकाऊ लाभ अशा साधनातून येतो जे मोलाचं आहे, दुर्मीळ आहे, ज्याची नक्कल करणं अवघड आहे आणि ज्याला पर्याय नाही. मीटर या कसोटीला उतरत नाही. तोच मीटर त्याच कारखान्यातून शेजारची संस्थाही घेऊ शकते. दुरुस्त केलेली जोडणीची यादी, एकेका वस्तूचा स्वच्छ कोड आणि भांडारपाल व वाहिनीवरचा अभियंता यांची आठवड्याला एकदा बसून बोलायची सवय मात्र कोणालाही निविदा काढून मिळवता येत नाही.

आता थोडं गणित. ते टिपणात घातलंत तर वरिष्ठ वाचतील. समजा एकाच प्रकारचे ४०० ट्रान्सफॉर्मर आहेत आणि वर्षाला शंभरातला एक निकामी होतो. म्हणजे वर्षाला सरासरी ४. मागणी नोंदवल्यापासून माल हातात येईपर्यंत १८ महिने लागतात असं धरा. त्या काळात सरासरी ६ निकामी होतील. पण सरासरीइतके राखीव ठेवून भागत नाही, कारण बिघाड सांगून येत नाहीत. प्वासाँ वितरण (अधूनमधून घडणाऱ्या घटना ठरावीक काळात किती होतील याची शक्यता काढायचं सूत्र) वापरून हिशेब केला, तर शंभरातल्या ९५ वेळा कमी पडू नयेत यासाठी १० राखीव ठेवावे लागतात.

आता तीन वेगवेगळे बदल करून पाहू. एक, मीटरच्या बेरजांमुळे निम्मे बिघाड पुरेसे आधी ओळखता आले आणि त्यांच्यासाठी ठरवून खरेदी करता आली, तर अनपेक्षित बिघाड ६ ऐवजी ३ उरतात आणि राखीव १० ऐवजी ६ पुरतात. दोन, शेजारशेजारच्या दोन विभागांनी प्रत्येकी २०० ट्रान्सफॉर्मरसाठी वेगवेगळा साठा ठेवला तर प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १२ लागतात. एकत्र ठेवला तर १०. तीन, १८ महिन्यांचे ६ महिने करता आले, तर सरासरी २ वर येते आणि राखीव फक्त ५ लागतात.

तिसरा बदल सर्वांत मोठा आहे आणि त्यात स्मार्ट असं काहीच नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. त्या १८ महिन्यांची चिरफाड करा. कारखान्याचे महिने किती, तपासणीचे किती आणि फाइलचे किती? आमच्याकडे एका वस्तूचा असा माग काढला तेव्हा निम्म्याहून जास्त काळ फाइल टेबलांवर होती. तांत्रिक मंजुरी, दरांची छाननी, मुदतवाढ, पुन्हा छाननी. दोन-तीन वर्षांचा दर करार करून ठेवला आणि गरजेप्रमाणे कार्यादेश सोडला, की यातला बराच काळ एकदाच खर्ची पडतो. अर्थात हेही परिस्थितीवर अवलंबून आहे. तांबं, अॅल्युमिनियम आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं विद्युत पोलाद यांचे भाव हलतात, त्यामुळे करारात भावबदलाचं सूत्र नसेल तर पुरवठादार एक तर आधीच दर चढवून ठेवतो किंवा भाव वाढल्यावर माल देणं टाळतो. तुमच्या नियमांत दर करार बसतो का, हे विचारून घ्या. बसत असेल तर तो स्मार्ट मीटरच्याही आधी करा.

वरचं गणित नेहमी लागणाऱ्या वस्तूंना लावू नका. बोल्ट, फ्यूज, सर्व्हिस वायर यांचा वापर रोजचा आहे. तिथे साधी सरासरी पुरते. आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लागणाऱ्या भागांसाठी सरासरी फसवते, कारण बहुतेक महिने शून्याचे असतात. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यासाठी एक साधी युक्ती दिली: मागणी आली तेव्हा ती किती होती आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ गेला, या दोन गोष्टींचा अंदाज वेगवेगळा करायचा. आजच्या संगणक प्रणालींत ती सहसा तयार असते, कोणी चालू केलेली नसते इतकंच.

दुसरी एक गोष्ट भांडारात असलेल्या माणसाला लगेच ओळखू येईल. जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये दाखवलं की ग्राहकाच्या मागणीतली छोटी हालचाल साखळीत मागे जाताना मोठी होत जाते. १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हँग यांनी त्याची चार कारणं सांगितली: आलेल्या ऑर्डरवरूनच मागणीचा अंदाज बांधणं, मागण्या साठवून एकदम पाठवणं, भावातले चढउतार, आणि टंचाईत वाढवून मागणं. आपल्याकडे दुसरं आणि चौथं कारण ठाण मांडून बसलंय. आर्थिक वर्ष संपताना तरतूद बुडू नये म्हणून सगळ्या विभागांच्या मागण्या एकदम येतात. आणि मागच्या वेळी १० मागितले तेव्हा ४ मिळाले, म्हणून या वेळी विभाग २५ मागतो. त्यात विभागातल्या अभियंत्याचा दोष नाही. त्याला अनुभवाने शिकवलंय तेच तो करतो. पुरवठादाराला मात्र २५ खरे वाटतात, तो कच्चा माल भरतो, पुढच्या वर्षी मागणी कोसळते आणि मग तो आपल्याला मागच्या रांगेत टाकतो.

स्मार्ट माहितीचा मला दिसलेला सर्वांत चांगला उपयोग इथे आहे. विभागाने किती मागितले यापेक्षा त्याच्या वाहिन्यांवर प्रत्यक्ष काय चाललंय हे मध्यवर्ती भांडाराला दिसलं, तर वाढवून मागायची गरज उरत नाही. आम्ही एका वर्षी असं केलं: प्रत्येक विभागाला इतर विभागांचा साठा आणि भाराची यादी दोन्ही उघड केली, आणि ‘यादीतला ट्रान्सफॉर्मर असेल तर माल पंधरा दिवसांत मिळेल’ असा शब्द दिला. पहिल्या तिमाहीत कोणाचाही विश्वास बसला नाही. दुसऱ्या तिमाहीत शब्द पाळला गेलाय हे दिसल्यावर मागण्या आपोआप खाली आल्या. त्यासाठी वेगळी प्रणाली घ्यावी लागली नव्हती. आहे ती माहिती सर्वांना खुली करावी लागली होती.

पाण्याचं एक उदाहरण देतो, कारण त्यात हा संबंध जास्त स्वच्छ दिसतो. गाव किंवा शहराचं जाळं छोट्या मोजणी-क्षेत्रांत तोडतात आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान, वापर सर्वांत कमी असताना, क्षेत्रात किती पाणी शिरतं ते पाहतात. त्या वेळचा प्रवाह अचानक वाढला आणि वाढलेलाच राहिला तर गळती. इथवर सगळे करतात. पण गळती दाबावरही अवलंबून असते, आणि रात्री नळ बंद असल्याने दाब चढतो. रात्री दाब उतरवणारी झडप बसवली की गळती कमी होतेच, शिवाय जुन्या नळ्या फुटायचं प्रमाणही उतरतं. म्हणजे फुटलेल्या नळीवर आवळायच्या दुरुस्तीच्या क्लॅम्पचा खप उतरतो. आम्ही झडपा बसवल्या आणि क्लॅम्पची मागणी जुन्याच आकड्याने करत राहिलो. दोन वर्षांनी रॅकवर इतके क्लॅम्प होते की त्यांच्या रबरी पट्ट्या कडक होऊ लागल्या होत्या. झडपेच्या प्रकल्पातल्या कोणीही भांडाराला फोन केला नव्हता, आणि भांडारातून मीही त्यांना विचारलं नव्हतं.

आता स्मार्ट उपकरणांची स्वतःची पुरवठा साखळी. टिपणात या भागाला जागा द्या, कारण लोखंड आणि तांबं सांभाळायची सवय असलेल्या भांडाराला हा माल नवा असतो. ट्रान्सफॉर्मर नीट झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. स्मार्ट मीटर रॅकवर पडल्यापडल्या जुना होतो. त्याच्यातली आज्ञावली (सॉफ्टवेअर) मागे पडते. पाणी आणि गॅसच्या मीटरमधली लिथियम बॅटरी न वापरताही थोडी थोडी उतरत असते. म्हणून ‘स्वस्त मिळतायत, तीन वर्षांचे घेऊन ठेवा’ हा विचार इथे महागात पडतो, आणि आधी आलेला आधी बाहेर हा नियम इथे काटेकोर पाळावा लागतो.

शिवाय माल म्हणजे फक्त खोकं नसतं. आमच्याकडे एकदा मीटरची पूर्ण गाडी आली, मोजून घेतली, नमुने तपासले, पावती झाली. मीटर बसवले आणि एकही बोलेना. प्रत्येक मीटरची सांकेतिक किल्ली असते, म्हणजे त्याच्याशी सुरक्षित संवादासाठीचा गुप्त संकेत. त्या किल्ल्यांची फाइल कारखान्याने वेगळ्या, सुरक्षित मार्गाने पाठवायची असते आणि ती मुख्य प्रणालीत चढवल्याशिवाय मीटरशी संवाद होत नाही. ती फाइल आलीच नव्हती, आणि आमच्या माल-पावतीच्या नमुन्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. त्यानंतर आम्ही नियम केला की किल्ल्यांची फाइल चढवून त्या गठ्ठ्यातले पाच मीटर भांडारातच मुख्य प्रणालीशी बोलल्याशिवाय माल स्वीकारला असं लिहायचं नाही. हा नियम तुम्ही उद्यापासून वापरू शकता.

संवादाच्या माध्यमाचं आयुष्यही मीटरपेक्षा लहान असू शकतं. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा तिच्यावर चालणारी सगळी उपकरणं बदलावी लागली किंवा मुकी झाली. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे अनेक स्मार्ट मीटर ग्राहकाने वीज पुरवठादार बदलला की साध्या मीटरसारखे होऊन बसत, कारण नव्या पुरवठादाराला त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. म्हणून निविदेत दोन गोष्टी मागा: संवादाचा भाग मीटर न बदलता बदलता यावा, आणि मीटर डीएलएमएस-कोसेमसारख्या, मीटरच्या संवादासाठीच्या खुल्या मानकावर बोलावा. दर थोडा वाढेल. सर्वांत कमी दराच्या निविदेलाच काम द्यायचं बंधन असेल, तर या अटी पात्रतेच्या निकषांत घाला, म्हणजे दरांची तुलना बरोबरीच्या मालात होईल. इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून सुमारे ३ कोटी मीटर बसवले. मीटरची रचना तिने स्वतः पुढाकार घेऊन ठरवली होती. प्रत्येक संस्थेला ते जमणार नाही, पण काय विकत घेतोय हे आतून समजणारे दोन-तीन लोक स्वतःच्या पगारपत्रकावर हवेतच. सगळं ज्ञान पुरवठादाराकडे असेल तर पुढच्या निविदेची भाषाही तोच ठरवतो.

सुरक्षेबद्दल एकच सांगतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये वीज वितरण कंपन्यांवर संगणकीय हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. काही तासांत कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने स्विच चालवून पुरवठा सुरू केला. पण हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या संवाद जोडणाऱ्या छोट्या उपकरणांची आज्ञावली बिघडवून ती कायमची निकामी केली होती. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती, बदलावी लागणार होती. म्हणजे या प्रश्नाचं एक टोक भांडारात आहे. अशा छोट्या, स्वस्त उपकरणांचा राखीव साठा तुमच्या यादीत आहे का? आमच्या यादीत नव्हता. किमतीनुसार वर्गवारी केली की ही उपकरणं तळाला जातात, म्हणून किमतीबरोबर ‘नसेल तर काय थांबेल’ ही वर्गवारीही हवी. अत्यावश्यक, आवश्यक, असलं तर बरं अशी ती जुनीच पद्धत, पण यादी नव्याने करायला हवी.

मागे वळून पाहायचं तर माझा क्रम असा राहील. आधी दर कसे ठरतात ते समजून घेणं, मग कोड आणि जोडणीच्या याद्या साफ करणं, मग फाइलचे महिने कमी करणं, आणि त्यानंतर मीटरची माहिती इंडेंटपर्यंत नेणं. तुमच्याकडे मीटर बसवायचं काम आधीच सुरू होत असेल, तर क्रम बदलावा लागेल. तेव्हा निदान माल-पावतीचा नमुना आणि ग्राहक-ट्रान्सफॉर्मरची यादी मीटर बसवतानाच दुरुस्त करून घ्या. मीटर बसवणारा माणूस तसाही प्रत्येक घरी जाणारच आहे. तीच भेट पुन्हा करायची झाली तर वेगळा खर्च लागेल आणि तो कोणी मंजूर करणार नाही.

टिपणात सगळं भांडार एकदम घेऊ नका. एकच वस्तू निवडा, शक्यतो अशी जिच्यावाचून काम अडतं आणि जिचा पुरवठा उशिरा होतो. तिचा मागच्या तीन वर्षांचा वापर, तिच्यामुळे खोळंबलेली कामं, मागणीपासून माल येईपर्यंतचा काळ टप्प्याटप्प्याने, आणि तिच्याबद्दल आधी सूचना देऊ शकेल अशी कोणती माहिती आज संस्थेत कुठेतरी पडून आहे, एवढं दोन पानांत लिहा. ती माहिती कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वारी आणि कोणत्या नमुन्यात जाईल, तेही लिहा. आकडे तुमच्याच नोंदींतले असू द्या. बाहेरच्या सल्लागाराच्या सादरीकरणातल्या टक्केवारीला वरिष्ठ मान डोलावतात, पण आपल्याच भांडारातला आकडा दिसला की ते प्रश्न विचारतात, आणि तुम्हाला ते प्रश्न हवे आहेत.

कोणती वस्तू घ्यावी हे सुचत नसेल, तर जॉइंट किट घ्या. सोमवारी भांडारपालाला बरोबर घेऊन रॅकसमोर उभे राहा आणि प्रत्येक खोक्यावरची मुदत आणि केबलचा आकार स्वतः वाचून लिहून काढा. संगणकावरचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. तुमच्या टिपणाचं पहिलं पान तिथे तयार होईल. तो कागद हाती आला की मला कळवा. राखीव साठ्याचा हिशेब तुमच्या आकड्यांवर कसा बसवायचा ते मी करून दाखवीन.